राखेत हात घालूनच उठायचं

आमच्या लेआउटात कोणी काडी ओढली की त्याची नजर आधी प्रयागबाईच्या घराकडे जायची. पोलिसाला कोणी इतकं भीत नसे. हुडकेश्वरच्या रस्त्याला शेतं मोडून प्लॉट पडले आणि तिथं आम्ही पहिली-पहिली घरं बांधली, ही सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. नावाला लेआउट, पण राहायला आलेले सगळे सावनेरकडचे, गावाकडचे. गाव सुटलं तरी गाई सोबत आल्या, गाईंच्या मागे कडब्याच्या गंज्या आल्या, आणि भिंत कोणाला परवडत होती, म्हणून प्लॉटाभोवती तुराट्यांची कुंपणं आली. एक ठिणगी पडायचा अवकाश! आणि आमच्या लोकांचं तर अंगणातल्या आगीवाचून पान हलत नाही. थंडीत शेकोटी, वांगी भाजायला जाळ, आणि नवस फेडायचा असला की रोडगे. कणकेचे जाडजूड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायचे, भाजले की राख झटकून फोडायचे आणि वर तूप. खाणाऱ्यानं बोटं चाटत राहावं.

रोडगे कोणाच्याही घरचे असोत, आगीजवळ प्रयागबाई बसायची. तिला कोणी नेमलं नव्हतं. नवरा गेल्यावर शेत विकून तिनं इथं दोन खोल्या बांधल्या होत्या, आणि आल्या दिवसापासून साऱ्या लेआउटाला कायदे शिकवायला घेतले. "आधी पानी, मंग काडी." पदराचं टोक हवेत सोडून वारा बघायची. वारा गंजीकडे असला की म्हणायची, "आज नाही जमत, उद्या या." मग पाहुणे ताटावर बसलेले का असेनात.

एकदा मी अंगणात वांगी भाजायला घेतली आणि जवळ बादली ठेवली नाही. बाईनं माझ्याच न्हाणीतलं पाणी आणून माझ्याच जाळावर ओतलं. वांगी अर्धी कच्ची! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुमचं काय जाते जी?" मी म्हटलं.

"माहं काही नाही जात गोपिका. तुहं घर जाते."

आता अशा बाईशी भांडून भांडणार तरी काय! आमचे हे तोंडावर टॉवेल धरून हसत होते. संध्याकाळी तीच बाई कांद्याची पात घेऊन आली आणि उरलेलं भरीत माझ्यासोबत बसून खाल्लं.

तिचा शेवटचा कायदा मात्र सगळ्यांत जाचक. राखेत हात घातल्याबिगर उठायचं नाही. गोवरीची राख लबाड असते, वरून पांढरी, गार दिसते आणि पोटात निखारा धरून बसते. म्हणून सगळे जेवून, पान खाऊन घरी गेले तरी ही बाई तिथंच. राख पसरून, पाणी शिंपडून, शेवटी मनगटापर्यंत हात आत घालायची. गार लागली की मग पदर झटकून उठायची. तिच्या तळहातावर जुने, काळसर डाग होते. लोक मागे हसायचे, मीही हसायची.

त्या वर्षी तिच्या स्वतःच्या अंगणात रोडगे व्हायचे होते. तिची एकुलती एक लेक पुष्पलता सावनेरला दिलेली. पुष्पलताची दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. तिसऱ्या वेळी प्रयागबाई महादेवाला बोलली होती की हे लेकरू पायावर उभं राहिलं तर माझ्या अंगणात, माझ्या हातच्या गोवऱ्यांवर तुला रोडगे. आणि पोरगं चालायला लागलं! दिवाळीपासून बाई गोवऱ्या थापत होती. भिंतीला लागून त्यांची रास झाली होती, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगायची, "माघात या बरं जेवाले." तिला इतकी हसताना मी कधी पाहिली नव्हती.

त्याच्या आधी पौषात मनोहररावांकडे रोडगे झाले. मनोहरराव आमच्या लेआउट मंडळाचे सेक्रेटरी, माणूस सरळ. त्यांच्या मुलाचं लग्न झालं होतं, नवी सून प्रेमिला घरात आली होती, त्याचे रोडगे. सारा लेआउट जेवला. प्रयागबाई नेहमीसारखी सगळ्यांच्या शेवटी जेवली, राखेत हात घातला आणि दिवे लागायच्या आत घरी गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला आणि मनोहररावांच्या कुंपणापलीकडची आनंदरावांची कडब्याची गंजी पेटली. अवो माय! काय तो जाळ! बायका विहिरीवरून घागरी घेऊन धावल्या, माणसांनी कुंपण उपटून काढलं. गाय सोडवली, घर वाचलं, पण वर्षाचा चारा डोळ्यांदेखत गेला. आनंदराव कपाळाला हात लावून मातीत बसले. त्यांची बायको गाईच्या गळ्यात पडून रडत होती.

आग विझल्यावर प्रयागबाई जळलेल्या जागेत काठीनं उकरत होती. तिनं वाकून काहीतरी उचललं आणि पदराखाली घेतलं. मी पाहिलं, पण त्या गडबडीत विचारायचं राहिलं.

संध्याकाळी लिंबाखाली सतरंजी टाकून मंडळ बसलं. आनंदराव उभेच राहिले. "कालची राखच पेटली. राखेचा मक्ता कोनाकडं आहे, साऱ्याईले मालूम आहे."

मनोहररावांनी विचारलं, "प्रयागबाई, राख गार झाली होती का?"

मला वाटलं, आता ही बाई वाघिणीसारखी उठेल. कसलं काय! तिनं मान खाली घातली. "हात तं घातला होता. चुकला असंन."

झालं. मंडळानं ठरवलं, यापुढे लेआउटात कोणाच्याही अंगणात आग नाही. शेकोटी नाही, रोडगे नाहीत. ज्याला नवस फेडायचा त्यानं नाल्यापलीकडच्या पडीत जावं. मी घरी येऊन भांडी आपटली. "आपलीच मोरी अन् मुताची चोरी! अन् ते बाई काहून गप्प बसली? तिची राख अन् गरम राहील?" आमचे हे म्हणाले, "हळू बोल." मी कशाला हळू बोलू!

पुढच्या आठवड्यात पुष्पलता पोराला घेऊन आली. प्रयागबाईनं तिला सांगितलं, आता होत नाही. मी तिथंच होते. पुष्पलताचा चेहरा पांढरा पडला. "आई, पडीत करू ना."

"महादेवाले मी माह्या अंगनात बोलली व्हती वं. त्याले काय सांगू, मंडळ नाही म्हनते?"

"अन् माह्या लेकराले काही झालं तं?" पुष्पलतानं पोराला इतकं घट्ट धरलं की ते रडायला लागलं. प्रयागबाई उठून गोवऱ्यांच्या राशीवर फाटकं गोणपाट नीट करत राहिली. मला तिची दयाही आली आणि रागही आला. पण बाईच्या तोंडून एक शब्द निघेल तर शपथ.

संक्रांतीचं हळदीकुंकू चालू होतं. माझ्या घरी बायका जमल्या होत्या. प्रयागबाई नव्हती, विधवेला कोण बोलावतं त्या काळी! नसलेल्या माणसावर बोलायला मग काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. आनंदरावांची बायको म्हणाली, "मोठी आली कायदे सांगनारी. आमच्या गाईच्या तोंडचा घास जाळला." दुसरी म्हणाली, "आता नातवाचा नवस राहिला, देव बरोबर दाखवते."

तेवढ्यात प्रेमिलाच्या हातातलं वाण खाली पडलं. तिळाचे लाडू घरभर घरंगळले. तिच्या सासूनं डोळे वटारले, पण पोरगी लाडू न वेचता तशीच उभी राहिली.

"असं नका बोलू जी. ते राख मी नेली व्हती."

सगळ्या बायका तिच्याकडे वळल्या.

"प्रयागमावशी जेवाले बसल्या, तवा मी टोपलीभर काढून घेतली. भांडे घासाले. मायच्या घरी आमी अशीच नेत होतो. गार दिसत होती जी, वरून गारच होती! मी कुंपनाच्या कडेले ठेवून देल्ली." आणि मग जी रडली! सासू तोंडात मारायला उठली, तिला मी धरलं. "खबरदार," म्हटलं, "माझ्या घरात हात उचलायचा नाही. चोर सोडून तुम्ही संन्याशाला फाशी दिली, आता गुमान बसा."

सासूचा हात खाली आला. खरं सांगते, त्या बयेनं मनात आणलं असतं तर पोरीला त्याच दिवशी माहेरी धाडलं असतं. पण चारचौघींत बोलणं झालं होतं, आणि रात्रीच्या आत ते मनोहररावांच्या कानावर गेलं. मनोहररावांचं मला आजही कौतुक वाटतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी मंडळ बोलावलं, आपल्याच घरची चूक सर्वांसमोर सांगितली आणि स्वतःच्या गोठ्यातला अर्धा कडबा आनंदरावांकडे पोचवला. आग बंद करायचा ठराव मोडला. त्याच्या जागी प्रयागबाईचेच कायदे मंडळाचे झाले, पाण्यापासून राखेपर्यंत, आणि एक नवा जोडला: राख गार झाल्याशिवाय मूठभरही कोणी न्यायची नाही. मग ते स्वतः तिच्या दारात गेले, हात जोडले. "रोडगे तुमच्या अंगणातच होतील, बाई."

माघातल्या रविवारी झाले. वारा नव्हता. पुष्पलताचं पोरगं गोवऱ्यांभोवती लुटुलुटु चालत होतं आणि प्रत्येक वेळी आजी त्याला उचलून लांब ठेवत होती. आनंदरावही जेवायला आले, तूप मागून घेतलं. सगळं पार पडलं, माणसं पांगली, आणि बाई सवयीप्रमाणे राखेजवळ बसली. प्रेमिला मान खाली घालून शेजारी येऊन बसली. मी भांडी आवरत होते.

"मावशी, माफी कशी मागू?"

प्रयागबाईनं कमरेची पिशवी सोडली आणि काळी पडलेली तारेची एक कडी काढली. "हे वळख. माही टोपली तुटली होती तवा म्या काठाले बांधली व्हती. तेच टोपली तुले भाजीले देल्ली होती म्या."

प्रेमिलानं दचकून वर पाहिलं. "म्हंजे तुमाले मालूम होतं?"

"गंजी जळली त्याच दिशी."

आता माझ्यानं राहवेना. भांडं तसंच टाकून मी आले. "मंग काहून गप्प बसल्या? लेकीचा नवस राहून गेला असता ना!"

बाईनं राख काठीनं पसरली, पाणी शिंपडलं. मग म्हणाली, "मी नवी सून व्हती, तवा चुलीची राख गार समजून म्या गोठ्यामागं टाकली. घर गेलं, गोठा गेला. सासरी मले कोनी प्रयाग म्हनलं नाही मंग. घरजाळी म्हनत. लहान पोरं बी म्हनत. नवरा मेला त्या दिशी बी आंगनात कोनी म्हनलं, घरजाळीचा नवरा गेला." तिनं प्रेमिलाकडे पाहिलं. "महादेव थांबला असता वं. तो समजदार आहे. तुह्या सासरचे नसते थांबले."

प्रेमिलाला हुंदका फुटला. मलाही बोलता येईना, आणि माझ्या बाबतीत ही साधी गोष्ट नाही, विचारा आमच्या ह्यांना.

प्रयागबाई राखेत हात घालायला वाकली. प्रेमिलानं तिचं मनगट धरलं, आपल्या बांगड्या मागे सारल्या आणि स्वतःचा मेंदीचा हात मनगटापर्यंत आत घातला.

"गार आहे?" प्रयागबाईनं विचारलं.

"गार आहे, मावशी."

"मंग चाल, प्रेमिला, आता घरी जा."