रंगनाथरावांचा माळ आणि माझी टिपणी

रंगनाथराव कोळनूरकरांची आणि माझी पहिली भेट झाली ती त्यांच्या काचीगुड्याच्या घराच्या ओसरीवर. दौऱ्यावरून ते नुकतेच परतले होते आणि धोतराच्या सोग्यात रुतलेली कुसळे एकेक करून उपटत बसले होते. मी परभणीकडचा, नोकरीच्या शोधात हैदराबादेस आलेला. हातात मामांची चिठ्ठी होती. ती त्यांनी घेतली, न वाचताच मांडीखाली ठेवली आणि धोतराचे दुसरे टोक माझ्या हाती देत म्हणाले, "बस मियां. तिकडून तू काढ, इकडून मी काढतो." माझ्या आयुष्यातली नोकरीसाठीची पहिली मुलाखत ही अशी झाली. कुसळे संपेपर्यंत त्यांनी माझे शिक्षण, घरची शेती, वडिलांचा दमा सगळे विचारून घेतले, आणि पत्नीला, म्हणजे आमच्या वहिनींना, आत हाक मारून सांगितले की आजपासून एक भाकरी जास्त टाकायची.

रंगनाथरावांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी संपादक मंडळाने माझ्याकडे 'काही हृद्य आठवणी' मागितल्या. हृद्य आठवणी माझ्यापाशी पुष्कळ आहेत. पण त्यांच्या कार्याचा गौरव करायचा, तर ते कार्य कुणी मोडले हेही सांगावे लागते, आणि ते या मंडळींपैकी माझ्याखेरीज कुणाला ठाऊक नाही. म्हणून थोडे वेगळे लिहीत आहे. मंडळाने सांभाळून घ्यावे.

त्या काळी हैदराबाद संस्थानात कचेरीची भाषा उर्दू होती. मला छापील उर्दू अडखळत वाचता येई, पण कारकुनांचे घसटते शिकस्ता अक्षर म्हणजे मुंग्यांची रांगच वाटे. रंगनाथराव रजेवर घरी आले की सकाळी मला ओसरीवर बसवून जुन्या मिसली वाचायला लावत. मिसल म्हणजे आजची फाइल. वाचता येऊ लागल्यावर त्यांनी टिपणी लिहायला शिकवले. "टिपणी अशी पाहिजे," ते म्हणत, "की वरच्या साहेबाला हो म्हणण्यावाचून गत्यंतर राहता कामा नये. शंका ज्या ज्या फटीतून आत येईल ती फट आधीच बुजवायची." मी चांगला शिष्य होतो. हे मी अभिमानाने सांगत नाही.

रंगनाथराव तेव्हा मराठी मुलखातल्या एका कोरड्या तालुक्यात गिर्दावर, म्हणजे गावोगाव फिरून तपासणी करणारे महसूल अंमलदार होते. पाऊस तिकडे डोंगराआडून जातो, जमीन मुरमाड, आणि मार्चपासून गुरांच्या तोंडाला काही नाही. त्या तालुक्यात हाळउंबरी नावाचे एक गाव आणि गावामागे मोठा थोरला माळ. रंगनाथराव तिथे गेले तेव्हा माळावर दगडांशिवाय काही नव्हते असे ते सांगत. गावात राखणीची एक जुनी रीत मात्र अर्धीमुर्धी शिल्लक होती. पावसाळा सुरू झाला की दिवाळीपर्यंत माळावर गुरे सोडायची नाहीत. प्रत्येक घराने एकेक दिवस राखण करायची आणि दिवस मावळता राखणीची काठी पुढच्या घराच्या दाराशी नेऊन ठेवायची. कुणाचे जनावर आत शिरले तर जनावराच्या धन्याने आणि त्या दिवशीच्या राखणदाराने, दोघांनी मिळून उतारावरच्या बांधाला दहा दहा पाट्या दगड वाहायचे. दिवाळीनंतर गवत कापायचे, ते मात्र जी घरे राखणीच्या पाळीत असतील त्यांनीच, सारख्या वाट्याने.

रीत गावचीच होती. रंगनाथराव आजही कुणी त्यांना श्रेय दिले की चिडतात. "मी काय केलं? मी फक्त विचारलं की पाळीत कोण कोण नाही," असे ते म्हणतात. पाळीत पाटील नव्हते, कारण ते पाटील. गावकुसाबाहेरची वस्ती नव्हती, कारण तिला कुणी विचारलेच नव्हते. एकट्यादुकट्या विधवा बायका नव्हत्या. रंगनाथराव दर मुक्कामाला पाटलांच्या ओसरीवर बसून हाच एक विषय काढत. शेवटी पाटील कंटाळून म्हणाले, "रावसाहेब, काठी ठेवा माझ्या दाराशी, पण हा चहा आता सुखानं पिऊ द्या." पाटलांच्या दारी काठी गेल्यावर बाकीचे कुणाला अडवणार? सारे गाव पाळीत आले. चार-पाच पावसाळ्यांत माळावर पवना आणि मारवेल गवत गुडघ्याला लागू लागले, बांधाच्या आडोशाने बोरी-बाभळी धरल्या, आणि पायथ्याच्या विहिरीला उन्हाळ्यातही घागर बुडेल इतके पाणी राहू लागले. विलीनीकरणाआधीच्या धामधुमीच्या वर्षी निम्मे गाव संस्थानाच्या सरहद्दीपलीकडे जाऊन राहिले होते. तेव्हाही मागे राहिलेल्यांनी गेलेल्यांच्या पाळ्या भरून काढल्या.

मग पोलीस ॲक्शन झाली. संस्थान हिंदुस्थानात सामील झाले आणि आम्ही तरुण मंडळी हवेत चालू लागलो. मलाही नव्या राजवटीत बरी जागा मिळाली. वेठबिगार बंद झाली होती. ती कुठे चोरून चालू आहे का, हे पाहण्याच्या कामावर माझी नेमणूक झाली. वेठ मी लहानपणी डोळ्यांनी पाहिली होती. माझ्या वडिलांना देशमुखांच्या गढीवर फुकट गवत कापताना पाहिले होते, आणि तो राग माझ्या पोटात होता. त्यामुळे बिनमोबदला राबणारा माणूस दिसला की मला दुसरे काही दिसतच नसे. आमच्या पिढीच्या बऱ्याच जणांचे असे झाले होते. पण टिपणी पिढीने लिहिली नाही, मी लिहिली.

हाळउंबरीला मी पोहोचलो ते भर दुपारी. माळाच्या चढावर एक बाई डोक्यावर पदर घेऊन, मांडीवर काठी आडवी ठेवून उन्हात बसली होती. कपाळ मोकळे. मी जीप थांबवली आणि विचारले, तुला इथे कुणी बसवले?

ती उठून उभी राहिली. "कुनी बशिवलं न्हाई, साहेब. माझी पाळी हाय."

"मजुरी मिळते?"

"मजुरी कशाची?" ती हसली. "पाळी हाय म्हन्ते न्हवं."

"कुणाचा जुलूम असेल तर घाबरू नकोस. आता आपलं राज्य आहे."

"जुलूम न्हाई वो. एकल्या बाईला गावात कशातच धरत न्हाईत. ह्यात धरलंय. आता गवत कापाया मी बी समद्यांच्या बरोबरीनं जाते."

तिने हे सगळे मला सांगितले. मी ऐकलेही. आणि मुक्कामाच्या ठिकाणी बसून लिहिले की, एक निराधार विधवा भर उन्हात बिनमोबदला राखण करताना समक्ष आढळली, भीतीपोटी ती तक्रार करण्यास धजत नाही. दगडांच्या पाट्यांची रीत मी 'शिक्षेदाखल अंगमेहनत' म्हणून नोंदवली. हा सर्व प्रकार जुन्या राजवटीतल्या गिर्दावरांच्या उत्तेजनाने चालतो असे लिहिले, आणि शेवटी सुचवले की पाळी तात्काळ बंद करून माळावर सरकारी पगारी राखणदार नेमावा. गिर्दावर म्हणून रंगनाथरावांचे नाव लिहिताना हात थांबला होता. पण माझ्या माणसालाही मी सोडले नाही, याचे त्या दिवशी मला कौतुकच वाटले. काय सांगू, इतका मूर्ख मी होतो.

टिपणी मंजूर व्हायला अडचण आली नाही. राखणदार नेमला गेला आणि काठीचे फिरणे थांबले. एका माणसाने एवढा मोठा माळ कसा राखावा? लोक म्हणू लागले, रान आता सरकारचे, सरकारने बघून घ्यावे. पहिल्या वर्षी शेळ्या शिरल्या, दुसऱ्या वर्षी कुऱ्हाडी. गवताचा लिलाव होऊ लागला आणि ते ज्याचा हात पोहोचेल तो घेऊ लागला. बांध फुटले ते कुणी लावले नाहीत. काही वर्षांत माळ पुन्हा होता तसा झाला. रंगनाथरावांची त्याआधीच, टिपणीपाठोपाठ, बदली झाली होती, हैदराबादेत नामपल्लीच्या बाजूला एका दफ्तरखान्यात, जिथे दिवसादेखील दिवा लावावा लागे. ज्या माणसाने उभी हयात उन्हात काढली, त्याला कागदांच्या वासात बसवले.

मला वाटे, टिपणी कुणी लिहिली हे त्यांना ठाऊक नसावे. पण ती मिसल निकाली निघाल्यावर दफ्तरखान्यातच आली, आणि रंगनाथरावांनीच ती शिवून, नंबर घालून फडताळात ठेवली. एकदा काही कामासाठी मी तिथे गेलो तेव्हा ते चष्म्यावरून पाहत म्हणाले, "हाळउंबरीची टिपणी वाचली. चांगली लिहिलीत. एकही फट ठेवली नाहीत." एवढेच. पण तोवर ते मला 'तू' म्हणत असत. त्या दिवसापासून 'तुम्ही' म्हणू लागले, ते आजतागायत.

आणि तरीही पुढे माझी पत्नी विषमज्वराने अंथरुणाला खिळली, तेव्हा रोज सकाळी दफ्तरखान्यात जाण्याआधी डब्यात पेज घेऊन कोण येत असे? रंगनाथराव. वहिनी दुपारी येत, मुलीच्या वेण्या घालत, परकर धुऊन टाकत. मी ओशाळून म्हणालो, वहिनी, एवढे कशाला? त्या म्हणाल्या, "भाऊजी, त्यांच्या डोक्यात तुमचा राग आहे की नाही मला ठाऊक नाही. विचारलं तर 'पेज घट्ट झाली' एवढंच म्हणाले. मग मी पातळ केली." पत्नी बरी झाल्यावर पेजेचा डबा परत करायला मी गेलो. तो घेऊन त्यांनी माझ्या मुलीच्या शाळेची चौकशी केली.

पुढे राज्यांची फेररचना झाली. आमचा मराठी मुलूख मुंबई राज्यात गेला आणि हैदराबाद आंध्र प्रदेशात आले. रंगनाथरावांनी पलीकडे जाण्यासाठी अर्ज केला होता. दफ्तरखान्याचा माणूस दफ्तराबरोबर राहील, असे उत्तर आले. हाळउंबरी एका राज्यात आणि रंगनाथराव दुसऱ्या राज्यात, अशी ताटातूट झाली ती झालीच. निवृत्तीनंतर मात्र ते स्वस्थ बसले नाहीत. पालमूरकडच्या कोरड्या गावांतून त्यांनी तेलुगू शेतकऱ्यांबरोबर बांध घातले, कुरणे राखली. या ग्रंथात इतरांनी त्यावर लिहिले आहेच. तिथेही ते पहिला प्रश्न तोच विचारत, तोडक्यामोडक्या तेलुगूत, की यात कोण नाही?

मागच्या वर्षी मी मुद्दाम हाळउंबरीला गेलो. माळ उघडाबोडका. पायथ्याच्या विहिरीत काटेरी झुडपे उगवली आहेत. पाटलांचे नातू भेटले, सज्जन गृहस्थ. मी म्हणालो, पाळी पुन्हा सुरू करता येणार नाही का? ते म्हणाले, "कुनी करायची? म्हातारे म्हनायचे, सरकारनं पाळीला गुन्हा ठरिवलं म्हनून. लोकांचं मनच उठलं." ते ऐकताना मी कोण आहे हे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

तिथून आल्यावर मी काचीगुड्याला गेलो. इतक्या वर्षांत जे शब्द तोंडातून निघाले नव्हते ते एकदाचे बोललो. म्हणालो, रंगनाथराव, मला क्षमा करा.

 त्यांनी स्टेशनात शिरणाऱ्या गाडीचा आवाज थांबू दिला. मग म्हणाले, "माझी कशाला मागता? माझं काय झालं? छपराखाली बसून पगार घेतला, आता पेन्शन घेतो. मागायची तर त्या बाईची मागा. नाव काय तिचं?"

नाव मी कधी विचारलेच नव्हते. हाळउंबरीतही तिची चौकशी करायचे माझ्या मनात होते. पण कुणाची म्हणून करणार होतो?

"तुमच्या टिपणीत नाव नव्हतं," ते म्हणाले. "सगळी मिसल मी त्यासाठी दोनदा चाळली. निराधार लिहिलं, विधवा लिहिलं, नाव नाही. बाईला एकदा गावानं धरलं होतं हो, तुम्ही पुन्हा काढून टाकली." आवाज चढलेला नव्हता. "शेवटी गावाला विचारून घेतलं. सोजराबाई. वेशीतून शिरल्यावर डाव्या हाताचं तिसरं घर. गवताचा वाटा गेल्यावर गाय विकली आणि कुठेतरी निघून गेली. कुठे ते मलाही कळलं नाही."

सोजराबाईंची क्षमा मागायची संधी मी गमावली आहे. इथे त्यांचे नाव छापले जात आहे, त्याने काही भरून येत नाही हे मला समजते. तरी छापावे, अशी संपादकांना हात जोडून विनंती.

त्या दिवशी रंगनाथराव तेवढ्यावर थांबले नाहीत. सोजराबाईंच्या शेजारचे घर कुणाचे, पलीकडचे कुणाचे, कोण राखणीला बसून पेंगायचे, कोणत्या म्हातारीने स्वतःचीच शेळी धरून दिली आणि दगड वाहिले, असे ते बोलत राहिले आणि मी खिशातल्या कागदावर लिहीत राहिलो. ही नावे कुठल्याच दफ्तरात नाहीत. ती त्यांच्या एकट्याच्या स्मरणात आहेत. आता दर रविवारी मी वही घेऊन त्यांच्याकडे जातो. ते सांगतात, मी लिहितो. अधूनमधून ते वही ओढून घेऊन माझे अक्षर तपासतात.

रंगनाथरावांची दृष्टी अधू झाली आहे आणि हल्ली चार वाक्यांनंतर धाप लागते. त्यांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभावे, ही प्रार्थना सगळेच करतील. माझ्या प्रार्थनेत मात्र निव्वळ प्रेम नाही, गरजही आहे. अजून निम्मे गाव लिहायचे राहिले आहे.