उरलेल्या द्राक्षांचा चौकोन

“ताई, चितर लई झ्याक काढलंय तुमी,” हौसाबाई म्हणाल्या, “पण ह्यातली उरल्याली द्राक्षं कुठं जात्यात?”

मी भिंतीकडे बघितलं. पॅकहाउसच्या भिंतीवर माझाच डायग्राम चिकटवलेला होता. चार मोठे कागद जोडून केलेला. चौकोन सगळे एका मापाचे, रेघा सरळ. शेतकऱ्याचा प्लॉट, तिथून आलेलं क्रेट, मग टेबल, मग पेटी. उरलेल्या द्राक्षांचा चौकोन त्यात नव्हता.

“उरलेली म्हणजे?” मी विचारलं.

तेवढ्यात शांतिलालशेठ आत आले. “काय न्हाई, आपलं सहज,” असं म्हणून हौसाबाई घड छाटायची कात्री घेऊन टेबलाकडे निघून गेल्या.

मी तेव्हा पुण्यातल्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत सिस्टिम अॅनालिस्ट होते. म्हणजे एखादं काम कसं चालतं ते लोकांना विचारायचं आणि त्याचं चित्र काढायचं. त्या चित्रावरून प्रोग्रामर पुढचं सगळं करतात. आळेफाट्याच्या अलीकडे शांतिलालशेठचं द्राक्षांचं पॅकहाउस होतं, म्हणजे घड निवडून पेट्यांत भरायची शेड. घराणं मूळचं राजस्थानचं, पण शेठ हिशेबापासून शिव्यांपर्यंत सगळं मराठीत करत. मी त्याच भागातल्या निरगुडसरची, म्हणून कंपनीने मला तिकडे धाडलं. “तुला त्यांची भाषा येते,” असं आमचे प्रोजेक्ट लीड देशमाने सर म्हणाले. जणू काही मी जपानला निघाले होते.

काम असं होतं. द्राक्षं परदेशी जायची आणि तिकडच्या ग्राहकाची अट होती की कोणतीही पेटी उचलली, तरी तिच्यातला माल कोणाच्या कोणत्या प्लॉटमधला आहे हे सांगता आलं पाहिजे. एखाद्या प्लॉटमध्ये फवारणीच्या औषधाचा अंश जास्त सापडला, तर नेमक्या तेवढ्याच पेट्या थांबवता याव्यात म्हणून. गुरुवारी त्यांचा इन्स्पेक्टर परीक्षा घ्यायला येणार होता. नापास झालो, तर त्या सीझनला शेठचा माल बंद. शेठनी त्यावर आपलं कलम आधीच जाहीर करून टाकलं होतं: “ज्या टेबलावर दोन प्लॉटचा माल मिसळेल, ते टेबल दुसऱ्या दिवशी घरी.” एकेका टेबलावर सहा-सात बायका होत्या आणि हौसाबाई त्या सगळ्यांच्या सुपरवायझर.

आता माझ्या टूलबद्दल थोडं. साध्या ड्रॉइंगच्या प्रोग्राममध्ये चौकोन म्हणजे नुसता चौकोन. मॉडेलिंगच्या टूलमध्ये तो चौकोन म्हणजे एक वस्तू असते. उजवीकडे चित्र दिसतं आणि डावीकडे सगळ्या वस्तूंची यादी, तिला मॉडेल म्हणतात. दोन चौकोनांमध्ये रेघ ओढली की ती चिकटून बसते, चौकोन हलवला की मागोमाग येते. रेघेच्या टोकाला आकडा लिहायचा. पेटीकडून प्लॉटकडे जाणाऱ्या रेघेवर मी 1 लिहिला होता. म्हणजे एका पेटीत एकाच प्लॉटचा माल. शेठनी तसं लिहून, खाली सही करून दिलं होतं. मराठी मात्र त्या टूलला अजिबात येत नव्हतं. टाइप केलं की प्रश्नचिन्हांची रांग लागायची. म्हणून मी प्रिंट काढून नावं मार्करने लिहिली होती.

असले डायग्राम यूजरला दाखवू नयेत, लोक घाबरतात, असं देशमाने सरांचं मत. इथे कोणी घाबरलं नाही. हौसाबाई सातवी शिकलेल्या. त्यांनी पाच मिनिटांत भोक शोधलं.

दुपारी मी तीन नंबरच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. एका प्लॉटचा माल संपत आला होता. शेवटची पेटी काट्यावर ठेवली, साडेतीन किलो भरली. पाच हवी होती. पुढच्या शेतकऱ्याची क्रेट्स येऊन थांबलीच होती. पॅक करणाऱ्या बाईने मान वरही न करता त्यातले तीन-चार घड उचलले, पेटीत नीट बसवले, झाकण लावलं. शेर भरताना वर मूठभर धान्य टाकावं, इतक्या सहज.

मी हौसाबाईंना बाजूला घेतलं. “हे रोज होतं?”

“पलाट संपला का व्हतंच की. अर्दी पेटी कशी ठिवायची? पावण्याला अर्ध्या ताटावरनं उठिवल्यासारखं वाटतं.”

“मी शेठना सांगू?”

त्यांचा चेहरा उतरला. “नका सांगू, ताई. पोरींच्या पोटावर पाय यील. मी तुमाला इचारलं, तीच चूक झाली माजी.”

मी शेठकडे गेले नाही. पण चित्र तरी बरोबर असावं, म्हणून संध्याकाळी ऑफिसच्या खोलीत लॅपटॉप उघडला आणि नवा चौकोन काढला. नाव दिलं: लेफ्टओव्हर. टूलने नाव घेतलंच नाही. या नावाची वस्तू आधीच आहे, म्हणालं.

डावीकडची यादी बघितली. खरंच होती. पहिल्या आठवड्यात कोणीतरी मला शिल्लक मालाबद्दल सांगितलं होतं आणि मी तो चौकोन काढलाही होता. पण त्याच्या रेघा बाकीच्या रेघांना आडव्या जात होत्या, चित्र घाण दिसत होतं. म्हणून मी तो चित्रातून उडवला. चित्रातून गेला, यादीत राहिला, आणि मी विसरले. मला मनापासून लाज वाटली. सुबक चित्राच्या नादात मी कामाचीच गोष्ट केरात टाकली होती.

देशमाने सरांना फोन लावला. ते म्हणाले, “क्लायंटची सही आहे ना? मग आपण सेफ आहोत.”

“आपण सेफ आहोत, सर. पेटी नाहीये.”

मग सर म्हणाले, “शेठशी बोल. प्रोग्रामरला मी थांबवून ठेवतो.”

सकाळी मी शेठच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला. हौसाबाई हजेरीची वही द्यायला तिथेच आल्या होत्या. मी कोणाचं नाव घ्यायचं नाही असं ठरवलं होतं. फक्त तो चौकोन परत चित्रात ओढून आणला. त्याला एकही बाण जोडला नाही.

“शेठ, प्लॉट संपला आणि शेवटच्या पेटीत साडेतीनच किलो भरले, तर?”

“तर काय? पेटी पूर्ण करतात.”

“कशाने?”

शेठनी स्क्रीनवरच्या त्या सुट्या चौकोनाकडे बघितलं. मग त्यांचा आवाज चढला. “कुठल्या टेबलावर होतंय हे?”

मी हौसाबाईंकडे बघायचं कसोशीने टाळलं. पण त्याच पुढे झाल्या. “समद्याच टेबलांवर, शेठ. मीच शिकिवलंय समद्यांला. पयल्या वर्सी तीन पेट्या अर्ध्या ऱ्हायल्या व्हत्या, तर तुमी आख्ख्या शेडात वरडला व्हता. अर्दी पेटी दिसली तर याद राखा, म्हनला. तवापासनं एक बी पेटी अर्दी ऱ्हायली न्हाई. आता घरी धाडायचं तर मला धाडा.”

मला वाटलं, संपलं. शेठनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“ओरडलो होतो खरा,” ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “मॅडम, त्या चौकोनाला बाण जोडा. अर्धी पेटी आळेफाट्याच्या बाजारात. परदेशी नाही.”

जोडला. दोन रेघांना आडवा गेला, जाऊ दिला, आणि नवी प्रिंट भिंतीवर चिकटवली. प्रोग्राममध्ये बदल लहानच होता: प्लॉट संपला की कॉम्प्युटर किती किलो उरले ते विचारणार आणि त्या पेटीला परदेशी लेबल छापणारच नाही. बुधवारी संध्याकाळपर्यंत ते चालू लागलं. त्याआधी भरलेल्या मालातल्या प्रत्येक प्लॉटच्या शेवटच्या पेट्या शेठनी स्वतः उभं राहून बाहेर काढल्या.

गुरुवारी इन्स्पेक्टर आला. शांत, बारीक आवाजाचा माणूस. त्याने मधूनच एक पेटी उचलली. नंबर टाकला, प्लॉट आला, शेतकरी आला. दुसरी पेटी, तिसरी. सगळं बरोबर. मग तो भिंतीपाशी गेला आणि बराच वेळ बघत राहिला. त्याने मला नाही, हौसाबाईंना विचारलं, “उरतं ते कुठे जातं?” त्यांनी कोपऱ्यातल्या चार अर्धवट पेट्या दाखवल्या. त्याने एक काट्यावर ठेवून बघितली, वहीत काहीतरी लिहिलं, आणि चहा मागितला. पास झालो. टेबलं सगळी जागेवर राहिली. हौसाबाईंनी मला परत जाताना द्राक्षं दिली, अर्थात अर्ध्या पेटीतली. इतकी गोड द्राक्षं मी पुन्हा खाल्लेली नाहीत.

पुढच्या आठवड्यात मी प्रिंटर दुरुस्तीला गेले, तर शेठ शेडच्या मधोमध उभे राहून गरजत होते, “ही पेटी अर्धी का ठेवलीय?” सगळ्या कात्र्या थांबल्या. हौसाबाईंनी नुसतं भिंतीकडे बोट केलं. शेठनी तिकडे बघितलं, “बरं, बरं,” म्हणाले आणि बाहेर गेले.

त्यानंतर बरीच पॅकहाउसं, दोन दूध डेअऱ्या आणि एक साखर कारखाना केला. क्लायंटला ‘तुमचा नियम काय’ असं मी आता आधी विचारत नाही. नियम काय, ते लिहून सही करून देतातच. ‘तुम्ही लोकांवर कशावरून ओरडता’ हे विचारते, आणि चित्र त्यावरून काढायला घेते.