मेव्हण्याची जागा

मनकर्णा माझी धाकटी जाऊ. तिच्याबद्दल वस्तीवर कुनी वाकडं बोललं तर मी त्याची खैर ठेवत न्हाई, आन् सध्या तर कुनी चांगलं बोललं तरी माझ्या अंगाचा तिळपापड हुतो. परवा दगडाबाई म्हनाली, "काय बाई हाय, नवऱ्याच्या बरुबरीनं राबती." म्या म्हनलं, तुला काय म्हाईत गं, गप बस. ती बिचारी रुसून गेली. रुसू दे.

आमची वस्ती नगर-मनमाड रस्त्याच्या कडंला, कोल्हारच्या अलीकडं. कोल्हारला प्रवरा हाय, पाटाचं पानी हाय. आमच्याकडं नुसता खडक. औंदाचं धरून सलग तीन सालं पावसानं तोंड फिरवलंय. माझा मालक सहादेव दुष्काळी कामावर खडी फोडायला जातो, आन् धाकटा दीर कानिफ हिरी फोडतो. पानी खाली गेलंय, म्हनून ज्याला त्याला हीर खोल करायचीय.

ते काम कसं असतं सांगते. हिरीच्या काठावर लोखंडी यारी उभी करत्यात. तिला तारेचा दोर, दोराला डोल, म्हंजी मानूस मावंल एवढी लोखंडी बादली. दांडा फिरवला की डोल वर येतो. खाली खडकात भोकं पाडायची, सुरुंगाची दारू ठासायची, वाती बसवायच्या आन् सगळ्यांनी वर यायचं. मागं एकलाच ऱ्हातो, वाती पेटवनारा. त्यो वाती पेटवून डोलात उभा ऱ्हातो, "वडा" म्हनतो, आन् वरचा मानूस दांडा फिरवून त्याला बाहीर काढतो. वात जळून संपायच्या आत. खालच्याचा जीव सगळा वरच्याच्या हातात.

म्हनून ह्या लोकांत एक रीत हाय. दांड्यावर मेव्हनाच पायजे. सख्खा भाऊ चालत न्हाई, कारन भावाभावांत वावराचं, बांधाचं काय ना काय असतंय. मेव्हना मातुर आपल्या भनीच्या कुकवासाठी दांडा सोडत न्हाई. कानिफ लगीन व्हायच्या आधी आबासायेब म्हनून एका ठेकेदाराकडं हुता. तिथं दांड्यावर रोजानं आनलेला मानूस हुता. वातींचा धूर बघून त्यो पळाला. खाली जो हुता त्याचं काय झालं ते कानिफनं समोर बघितलं, पर घरी लई दिस कुनाला सांगितलं न्हाई. चार दिवस जेवला मातुर न्हाई.

तवापास्नं त्याच्या मनात एकच. आपली सोताची यारी, आपला मेव्हना, आन् कुनाची चाकरी न्हाई. हे त्यानं फकस्त मला सांगितलं हुतं. आबासायबाला कळलं असतं तर त्यानं दुसऱ्या दिवशी हाकललं असतं.

मग आमी मुलगी बघायला गेलो. मनकर्णा च्या घेऊन आली, मान खाली घालून बसली. आन् आमचा कानिफ बघतोय कुठं, तर तिच्या भावाच्या मनगटाकडं. गहिनीनाथ त्याचं नाव, गडी धिप्पाड. मी कानिफला कोपरखळी मारली, "अरं, नवरी हिकडं हाय." सगळी हसली. मनकर्णा हसली न्हाई.

लग्नानंतर एक दिवस धुनं धुताना तिनं मला इचारलं, "आक्का, ह्यांनी पसंत कुनाला केलं? मला का दादाला?" म्या म्हनलं, "दोघास्नी, एकावर एक फुकाट." ती परत हसली न्हाई. तवा मला वाटलं, नवी हाय, कावरीबावरी झालीय.

कानिफचा जीव मातुर लागला तिच्यावर, ते मी डोळ्यानं बघितलंय. गडी मानूस असून ती भांडी घासायला बसली की शेजारी जाऊन बसायचा. कोल्हारच्या बाजारातनं तिच्यासाठी रेवड्या आनायचा आन् मला दिसू नये म्हनून टोपीत लपवायचा. मी म्हनायची, टोपीला मुंगळे लागले बघ. असा लाजायचा.

आता मनकर्णेचं सांगते, जे तिनं फकस्त मला सांगितलंय.

एका गुरुवारी आमी दोघी शिर्डीला गेलो हुतो. दर्शन घेऊन बाहीर आलो तर कडंला एक बाई फुलांचं टेबल मांडून बसलेली. गुलाब, शेवंती, खडीसाखरेच्या पुड्या. बाई लिंबाच्या सावलीत आरामात मांडी घालून हार ववीत हुती. मनकर्णा तिच्यापुढं उभी ऱ्हायली ती ऱ्हायलीच. म्हनाली, "बाई, हे दुकान कुनाचं?" ती म्हनाली, "माझं." मनकर्णा म्हनाली, "तसं न्हाई, मालक कोन?" ती बाई हार ववायचं थांबली. "अगं, माझंच. मीच मालक." लंकाबाई तिचं नाव. तिनं मनकर्णेला दोन हार ववायला दिले. हात चालला तिचा, काय सांगू, बघत ऱ्हावं. लंकाबाई म्हनाली, "माझ्या शेजारची जागा मोकळी हाय. टेबल आन आन् बस. फुलं कोल्हारकडनं येत्यात, मी सांगंन." 

येताना एस्टीत मनकर्णा एकटीच हसत हुती. पयल्यांदाच तिला तशी हसताना बघितली. म्हनाली, "आक्का, मी बसंन तिथं. यांनाबी हिरीतनं वर काढंन. दोघं मिळून फुलं विकू. मी ह्यांना सांगेपातुर कुनाला बोलू नका." म्या म्हनलं, न्हाई बोलत. न्हाई बोलले.

ती बोलायच्या आधीच कानिफनं बैलं विकली आन् जुनी यारी घेऊन आला. बैलांना तसाबी चारा नव्हता. यारीला हळद-कुकू लावून त्यो मनकर्णेला म्हनाला, "आपन मालक झालो बघ." तिनं यारीला ओवाळलं. ताट ठिवायला आत आली. तिनं मला सांगितलं, "एवढं साल जाऊ दे आक्का. दादा हाय दांड्यावर, भ्या न्हाई."

पर मालक व्हायची साथच आली हुती. गहिनीनाथालाबी ती लागली. आबासायबानं त्याला गाठलं आन् सांगितलं, भावजीच्या दांड्यावर किती दिवस उभा ऱ्हातो? माझ्याकडं ये, नवी यारी तुझ्या हवाली करतो. त्यो पघळला. मेल्याला भनीची आठवन झाली न्हाई असं मी म्हनत न्हाई. झाली असंल, पर यारी मोठी दिसली.

ज्या दिवशी त्यो गेला त्या दिवशी आमी दोघी हिरीवर भाकरी घेऊन गेलो हुतो. बाकीची मानसं वर येऊन लांब गेलेली, लाल फडकी घेऊन रस्ता अडवायला. कानिफ एकलाच खाली. आबासायबाची जीप रस्त्यावर थांबलेली. गहिनीनाथ भनीला म्हनाला, "भावजींना सांग, आज बार लावू नका. मी चाललो." आन् गेला, मान वर न करता. मनकर्णा हिरीवर वाकून सांगनार तेवढ्यात खालनं धूर वर आला. कानिफनं वाती पेटवल्या हुत्या. खालनं आवाज आला, "वडा."

मी भाकरीची पाटी धरून तशीच हुबी. मनकर्णेनं हातातली पाटी टाकली आन् दांड्याला भिडली. यारीला बाईनं हात लावायचा नसतो, पर रीत बघायची कुनी? हातातल्या हिरव्या बांगड्या दांड्यावर वाढल्या, मनगटातनं रगत यायला लागलं, ती फिरवतीच. डोल काठाला आला. कानिफनं तिला बघितलं, उडी मारली, तिचा हात धरला आन् आमी तिघं बांधामागं पडलो. मग बार उडाले. डोक्यावरनं दगडं गेली.

धूर बसला तसा कानिफ हसायला लागला. हसता हसता रडायला लागला. म्हनाला, "वैनी, बघितलं का? मेव्हना भनीच्या कुकवासाठी दांडा धरतो. हितं कुकू जिचं तीच दांड्यावर. आता कुनाच्या बापाची गरज न्हाई." मनकर्णा मनगटातली काच काढत हुती. तिच्या तोंडाकडं त्यानं बघितलंच न्हाई.

दुसऱ्या दिवशी त्यानं तिला हिरीवर नेलं. तिसऱ्याबी दिवशी नेलं. ती न्हाई म्हनू शकत हुती, पर न्हाई म्हनली असती तर दांड्यावर रोजाचा मानूस आला असता. ह्याच्यात अडकली बिचारी. रोज बांगड्या काढून माझ्या वटीत टाकती. सवाशीन बाईनं रोज हात मोकळे करायचे, मला हे बघवत न्हाई. म्या म्हनलं, मनगटाला काळा दोरा तरी बांध. बांधला. लांबलांबनं मानसं बघायला येत्यात, बाई यारी चालवती म्हनून. कामं इतकी आली की सांगता सोय न्हाई. कानिफ समद्यांना सांगतो, "हे आमा दोघांचं सपान हुतं." तिला एकदा सुदिक इचारलं न्हाई, बाई, तुझं काय हुतं.

मागच्या आठवड्यात कोल्हारच्या फुलवाल्याहाती लंकाबाईनं निरोप धाडला. जागा अजून हाय, पर दुसरी एक मागतीय, तू येनार का न्हाई. मनकर्णा ज्वारी पाखडत हुती. हात न थांबवता म्हनाली, "देऊन टाका म्हनावं." फुलवाला गेला. ती पाखडत ऱ्हायली, सुपात कायी उरलं नव्हतं तरी.

मग मला म्हनाली, "आक्का, एक सांगू? हाताला घट्टे पडले त्याचं कायी न्हाई. वाती पेटल्या की ते खालनं वडा म्हनत्यात. मी लगीच दांडा फिरवत न्हाई. आधी मला ते टेबल दिसतं, फुलं दिसत्यात. मग फिरवते. आधी उगं इतकुसं थांबायची. आता जास्त थांबते."

म्या तिच्या हातातलं सूप काढून बाजूला ठिवलं. म्या इचारलं, "कानिफला कळतंय का?"

"ते खाली हसत असत्यात. त्यांना वाटतं, मी चेष्टा करते."

तेव्हापास्नं मला अन्न गोड लागंना. कानिफला सांगावं तर त्याचा भरवसा जाईल, आन् त्यो रोजाचा मानूस ठेवंल न्हाईतर भ्यालेल्या हातानं वाती पेटवंल. न सांगावं तर हे असं. सहादेवला सांगितलं तर त्यो म्हनतो, बायकांचं मन असतंच असं, चार दिवसांनी जाईल. ह्या गड्यांना कोन अक्कल देनार. मीबी सहादेवबरुबर खडी फोडायला जायची, ते सोडलं आन् रोज मनकर्णेबरुबर हिरीवर जाते.

आज बार हुता. धूर आला. खालनं कानिफ म्हनाला, "वड गं." मनकर्णा दांडा धरून उभी. रस्त्यानं शिर्डीची एस्टी चालली हुती आन् ती तिच्याकडं बघत हुती. परत आवाज आला, "वड की, मने." तिसऱ्यांदा आला त्यात हसू नव्हतं. मी तिच्या हातावर हात ठेवले. तिनं दांडा असा धरला हुता की मला हलवता येईना. म्या जीव खाऊन रेटा दिला. दांडा फिरला. तिनं फिरवला का म्या, ते मला सांगता यायचं न्हाई.

बांधामागं कानिफ धापा टाकत हुता, तोंड पांढरं पडलेलं. म्हनाला, "काय झालं गं?"

"हात भरून आला हुता," मनकर्णा म्हनाली.

त्यानं तिचे दोन्ही तळहात आपल्या हातात घेतले. घट्ट्यांवर फुंकर घातली, किती तरी वेळ. म्हनाला, "लई दमतीस माझ्यापायी. पर तू हायस म्हनून मी खाली निवांत असतो." 

ती त्याच्याकडं बघून रडली. त्याला वाटलं, मायेनं.