आमच्या साडूंचा कान

आमच्या साडूंइतकं मन लावून ऐकणारा माणूस अख्ख्या पुण्यात दुसरा सापडायचा नाही. फक्त ते माणसांचं ऐकत नसत. बायकोचं, डॉक्टरांचं, सोसायटीच्या चेअरमनचं, यांपैकी कोणाचंही म्हणणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतल्याचं मला आठवत नाही. पण रस्त्यावरून एखादी मोटारसायकल गेली की ते बोलता बोलता थांबत. मान किंचित डावीकडे कलंडे, डोळे अर्धवट मिटत, आणि गाडी कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली की निकाल लागे. "चेन सैल." किंवा "कोरडी चाललीय, तेल नाही." किंवा क्वचित, एखाद्या गवयाला दाद द्यावी अशा आवाजात, "वा! काय ठेवलीय!"

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना भाऊ म्हणतो आणि त्यांच्या बायकोला ताई. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात ते तपासणी विभागात होते. समोर आलेला नग हातातल्या मापात बसतो की नाही ते बघायचं आणि 'पास' किंवा 'नापास' म्हणायचं, हे काम त्यांनी सदतीस वर्षं केलं. निवृत्त झाल्यावर माप कारखान्यात राहिलं, पण सवय घरी आली. मी शनिवार पेठेतल्या एका शाळेत मराठी शिकवायचो, म्हणून त्यांच्या लेखी मी मास्तर. "मास्तर, तुम्ही ऱ्हस्व-दीर्घ बघता, मी सैल-घट्ट बघतो," ते म्हणत. "तुमच्या चुकीनं पोराचा अर्धा मार्क जातो. माझ्या चुकीनं काय जाईल, ते तुम्ही विचारू नका."

मोटारसायकलीत इंजिन महत्त्वाचं, असं आपण सगळे समजतो. साडूंना ते मान्य नव्हतं. इंजिन म्हणजे घरातला कर्ता पुरुष, नुसता आवाज करणार. चाक फिरवते ती चेन, आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. त्यांची स्वतःची गाडी जुनी, शंभर सीसीची. तिची चेन पत्र्याच्या बंद कव्हरात असते, दिसतच नाही. कव्हराला खालून एक रबराचं बूच असतं. ते काढून आत बोट घालायचं आणि चेन किती वर-खाली हलते ते बघायचं, अशी रीत आहे. साडू या रीतीला नाक मुरडत. "बोट घालून बघणं हे ज्याला कान नाही त्याचं काम," असं ते मला एकदा म्हणाले, आणि पुढे पाऊण तास चेन सैल झाली की कव्हराच्या वरच्या पत्र्याला लागते की खालच्या, आणि दोन्ही आवाजांत फरक कोणता, हे तोंडानं करून दाखवलं. शेजारच्या टेबलावरचे लोक उठून दुसरीकडे जाऊन बसले. आम्ही एका लग्नाच्या पंगतीत होतो.

स्कूटर या वस्तूला ते वाहन मानत नसत, कारण तिच्यात चेन नसून पट्टा असतो. "पट्टेवाल्यांशी मी बोलत नाही," एवढंच म्हणत. विजेवरच्या गाड्या आल्या तेव्हा ते काही दिवस खरोखरच उदास होते. आवाज न करता एखादी शेजारून गेली की दचकत आणि म्हणत, "मिक्सरसुद्धा सांगून सुरू होतो हो."

त्यांच्या मागे बसून स्वारगेटच्या सिग्नलला थांबणं हा मोठा जिवावरचा प्रसंग असे. तिथे चारही बाजूंनी गाड्या, मधोमध साडू, आणि लाल दिव्याचं दीड मिनिट मोकळं. एकदा पाठीला लॅपटॉपची बॅग लावलेल्या एका तरुणाला त्यांनी खांद्यावर टकटक करून सांगितलं, "अहो, तुमची चेन बोलतेय." तो म्हणाला, "काका, सर्व्हिसिंग लास्ट मंथ झालंय."

"सर्व्हिसिंग झालं म्हणजे गाडी धुतली. चेन काही आंघोळीनं बरी होत नाही."

"ओके काका, बघतो."

"तुम्ही बघू नका, तुम्हाला दिसणार नाही. दाखवा कोणाला तरी."

तेवढ्यात हिरवा दिवा लागला आणि मागच्या शंभर हॉर्नांनी माझी सुटका केली.

पण या वेडातलं शहाणपण मला त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या वेळी कळलं. मुलीनं स्वतःच मुलगा पसंत केला होता आणि तो एका रविवारी घरी भेटायला आला. ताईंनी पोहे केले होते, मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं, आणि पगार, घर, आई-वडील हे सगळे प्रश्न वाटून दिले होते. मुलगा मोटारसायकलवरून आलाय हे कळताच साडू "आलोच" म्हणून खाली गेले ते पंधरा मिनिटांनी वर आले. स्वयंपाकघरात आम्हा दोघांना बोलावून गंभीरपणे म्हणाले, "चेनला तेल आहे. पण आज सकाळीच घातलेलं. रिमवर शिंतोडे आहेत."

"म्हणजे एरवी घालत नाही?" मी विचारलं.

"नसेल घालत. पण पोरीनं त्याला सांगितलं असणार, बाबा चेन बघतात. आणि त्यानं ऐकलं. पास."

आज ती दोघं सुखात आहेत.

हे सगळं इतक्या तपशिलानं सांगायचं कारण असं की गेल्या दिवाळीनंतर एकदा साडू आणि ताई आमच्याकडे आले तेव्हा त्यांची गाडी मला दुसऱ्या मजल्यावर ऐकू आली. मला संगीतातलं कळत नाही, यंत्रातलं त्याहून कळत नाही. पण पत्र्याच्या डब्यात खिळे भरून तो डबा कोणी जिन्यावरून गडगडवावा, तसा तो आवाज होता. साडू वर आले, चहा प्याले, महानगरपालिकेला नापास केलं, आणि तोच आवाज करत परत गेले. मी काही बोललो नाही. ज्यांनी हजार गाड्यांचे निकाल दिले त्यांना मी काय सांगणार? असेल काही प्रयोग चालू, असं मी स्वतःला समजावलं. पुढच्या महिन्याभरात ते आणखी दोनदा आले. आवाज वाढत होता.

शेवटी मी स्वारगेटजवळच्या चाचांकडे गेलो. चाचांचं स्पेअर पार्टचं दुकान त्यांच्या वडिलांपासूनचं, आणि साडू ज्यांच्याशी बरोबरीच्या नात्यानं बोलत, असे पुण्यातले ते एकमेव गृहस्थ. मी विषय काढताच त्यांनी चष्मा काढून काउंटरवर ठेवला.

"मास्तर, मी तर कधीचा ऐकतोय. मला वाटलं, माझी परीक्षा घेतायत. मी ओळखतो का बघतायत."

"मग?"

"मग काय, ती परीक्षा नाही. दोनदा मी मागून हाक मारली. वळले नाहीत." चाचांनी चष्मा परत चढवला. "सासवडला जातात ना ते?"

जात होते. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी साडू ताईंना मागे बसवून दिवे घाटातून सासवडला, आमच्या सासूबाईंना भेटायला जात.

"घाटात चेन तुटली आणि मागच्या चाकात अडकली तर चाक जाम होतं," चाचा म्हणाले. "सांगा त्यांना."

"तुम्हीच सांगा ना. तुमचं ऐकतील."

"मी सांगितलं तर दुकानदारानं सांगितलं असं होतं. तुम्ही घरचे." असं म्हणून त्यांनी फळीवरचा एक पुडा माझ्या हातात दिला.

शनिवारी दुपारी मी खडकीला त्यांच्या घरी गेलो. साडू आत पेपर वाचत होते. ताईंनी दार उघडलं, माझ्या पिशवीतला जड पुडा बघितला, आणि त्यांना सगळं समजलं. आम्ही दारातच हळू बोललो. खरं म्हणजे हळू बोलायची गरज नव्हती.

"पायाला जाणवते धडधड," त्या म्हणाल्या. "मागे बसते ना मी. एकदा विचारलंही, आवाज येतोय का हो? तर म्हणाले, कसला?"

"आणि तुम्ही पुढे बोलला नाहीत?"

"काय बोलू? वर्षभर बघतेय. कुकरच्या शिट्ट्या तेच मोजायचे, आता मला विचारतात झाल्या का. तुम्हाला ऐकू येत नाही, असं मी त्या माणसाला सांगू? दुसरं आहे काय त्यांचं?"

"परवा सासवडला जाणार तुम्ही?"

"जाणार की." त्यांनी पदर सारखा केला. "ते एकटे थोडेच असतात, मी मागे बसलेली असतेच."

मला त्या वाक्याची भीती वाटली. मी आत जाऊन साडूंना म्हणालो, "भाऊ, तुमच्या गाडीची चेन वाजते आहे." दोनदा म्हणालो. ते हसले. "मास्तर, डोळे मिटले तर रिक्षा आणि ट्रॅक्टर यांतला फरक तुम्हाला सांगता यायचा नाही." पण माझ्या चेहऱ्याकडे बघून ते उठले आणि आम्ही तिघं खाली पार्किंगमध्ये गेलो.

त्यांनी गाडी डबल स्टँडवर घेतली, सुरू केली आणि गिअर टाकला. मागचं चाक जागच्या जागी फिरू लागलं. सगळं पार्किंग त्या कडकडाटानं भरून गेलं. साडूंनी मान डावीकडे कलंडवली, डोळे अर्धवट मिटले. ते बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "छान आहे."

ताई जमिनीकडे बघत होत्या. साडूंनी डोळे उघडले तेव्हा त्यांना समोर सोसायटीचा वॉचमन दिसला. तो खुर्चीतून उठून, तोंड वाकडं करून, गाडीकडे बघत उभा होता. साडूंनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग ताईंकडे. आणि गाडी बंद केली.

त्यांनी गुडघ्यावर हात टेकत बसून कव्हराचं बूच काढलं आणि आत बोट घातलं. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदा बघत होतो. चेन वर उचलली गेली ती पत्र्याला जाऊन टेकली. ते वर गेले, पान्हे घेऊन आले आणि कव्हर उतरवलं. मागच्या दातेरी चक्रावरची चेन त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत धरून मागे ओढली. ती चक्राला चिकटून राहायला हवी होती. ती सुटून आली आणि मागे अर्धा दात उघडा दिसला. दात सगळे एका बाजूला झिजून आकड्यासारखे वळले होते. चाक मागे सरकवून चेन ताणायच्या खुणा तर केव्हाच संपल्या होत्या.

"किती दिवस वाजतेय?" त्यांनी विचारलं.

"दिवाळीपासून," मी मोठ्यानं म्हणालो.

"हिला मागे बसवून घाटातून दोनदा नेऊन आणलं मी." ते चक्राच्या दातांवरून अंगठा फिरवत राहिले. बऱ्याच वेळानं त्यांना माझी पिशवी दिसली. "नुसती चेन आणलीत की सेट?"

"सेट. चाचांनी दिला."

"पुढचं चक्रसुद्धा?"

"दोन्ही चक्रं."

"बरं केलंत. झिजल्या दातांवर नवी चेन घातली तर तिचीही वाट लागते." मग पुड्याकडे बघत, "म्हणजे चाचांनाही माहीत होतं."

पुढचे तीन तास आम्ही काम केलं. म्हणजे त्यांनी केलं, मी सांगतील तिथे पाय दिला. पुढच्या चक्राचा नट सुटेना तेव्हा मी मागचा ब्रेक सगळ्या वजनानिशी दाबून उभा राहिलो आणि त्यांनी तो एका हिसक्यात फिरवला. हात काही विसरले नव्हते. नवी चेन चढवून त्यांनी सांध्याचं लॉक बसवलं. त्याची बंद बाजू चेन धावते त्या दिशेला हवी, उलटी झाली तर सुटते, हे मला तीनदा दाखवलं. मग चाक थोडं थोडं फिरवत, प्रत्येक ठिकाणी बोट लावून चेन बोटभर हलते की नाही ते बघितलं. ताईंनी दोनदा चहा आणला.

सगळं झाल्यावर त्यांनी गाडी सुरू केली. चाक फिरू लागलं. मी कान पुढे करून वाकलो तर म्हणाले, "मास्तर, तुम्ही नको. हिला ऐकू दे."

ताई पुढे आल्या, वाकल्या.

"काय म्हणतेय?"

"शांत आहे."

"नीट ऐक."

"ऐकतेय. बारीक सळसळ आहे नुसती."

"तेवढी असते," ते म्हणाले आणि गाडी बंद केली. फडक्यानं एकेक बोट पुसत त्यांनी विचारलं, "मी हल्ली मोठ्यानं बोलतो का गं?"

"हो."

"किती दिवस?"

"झालं वर्ष."

"सांगायचं नाहीस?"

"सांगितलं होतं," ताई म्हणाल्या. "तुम्हाला ऐकू गेलं नाही."

साडू त्यांच्याकडे बघत राहिले आणि मग हसायला लागले. ताईही हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदरानं डोळे पुसले. मी पान्हे गोळा करण्यात फार गढून गेल्यासारखं केलं.

मग गाडी पारखायला एक फेरी मारून येतो म्हणाले. ताई न विचारता मागे बसल्या. मी फाटकापर्यंत गेलो. ऊन उतरलं होतं, रस्त्यावर गर्दी होती, आणि त्या गर्दीत त्यांची गाडी इतकी बिनआवाजी चालली होती की मलाच चुकल्यासारखं वाटलं. मी मागून ओरडलो, "सावकाश जा हो!"

ते वळले नाहीत. ताईंनी वळून बघितलं, मग त्यांच्या कानाशी वाकून काहीतरी सांगितलं. तेव्हा कुठे साडूंनी पुढे बघतच डावा हात वर केला.