संत रोक कुत्र्याच्या बाजूला कलले तो रविवार

आमच्या शेजारणीचा, जॉर्जाचा मुलगा लेली आमच्या गोझो बेटावर उंच म्हणून ओळखला जातो. हे वाचून कुणी ताडमाड माणूस डोळ्यांसमोर आणू नये. आमच्या गल्लीतली दारं आमच्या मापाची आहेत आणि त्यांतून जाताना लेलीला वाकावं लागतं, इतकंच. पण माल्टासारख्या देशात जो दारात वाकतो त्याला दोन ठिकाणांहून बोलावणं येतं: व्हॉलीबॉलच्या राष्ट्रीय संघाकडून आणि मिरवणुकीत गावच्या संताची मूर्ती वाहायला. लेलीला दोन्हीकडून आलं.

पोटापाण्यासाठी तो माल्टा आणि गोझोच्या मधल्या फेरीबोटीवर गाड्या लावून घेतो. दिवसभर दोन्ही हात वर करून ‘या, या, बस’ करायचं. संघाचा कप्तान इंद्री धंद्याने दातांचा डॉक्टर. गाडी बोटीत चढवताना त्याने काचेतून ते लांब हात पाहिले आणि म्हणाला, हा माणूस जाळ्यापाशी नुसता उभा राहिला तरी पुरे. तेव्हापासून लेली देशासाठी जाळ्यापाशी उभा आहे. संघात याखेरीज एक शाळामास्तर आहे, एकमेकांशी न बोलणारे दोन सख्खे भाऊ आहेत, आणि बाकी ज्यांना त्या आठवड्यात रजा मिळेल ते. छोट्या देशांच्या स्पर्धेला ही मंडळी दरवर्षी जातात, ओळीने तीन सेट हरतात आणि येताना विमानतळावरून आईसाठी चॉकलेटं आणतात. जॉर्जाकडे बसून मी अर्ध्या युरोपची चॉकलेटं खाल्ली आहेत. देशाच्या खेळाबद्दल माझी काही तक्रार नाही.

मूर्तीचं मात्र असं रजेवर भागत नाही. आमचे संत रोक लाकडी असले तरी अंगाने भरलेले आहेत, आणि त्यांच्या पायाशी त्यांचा कुत्राही आहे. कुत्र्याकडची बाजू जड. ती बाजू लेलीच्या आजोबांनी उचलली, मग वडिलांनी, आता लेली. खांद्यावर मूर्तीचा दांडा बसून बसून मांसाची गाठ येते, तिला आम्ही पाव म्हणतो. वडिलांचा पाव बघून जॉर्जाने लग्नाला होकार दिला होता. संघाला मध्यंतरी परदेशी प्रशिक्षक मिळाला होता. त्याने लेलीचा खांदा पाहिला आणि घाबरून त्याला थेट इस्पितळात धाडलं. तिथले डॉक्टर आमच्या शेजारच्या गावचे. त्यांनी बोटाने दाबून पाहिलं आणि म्हणाले, आमच्याकडच्या माणसांचे याहून मोठे असतात.

मूर्ती उचलणाऱ्यांचा नियम एकच. सणाच्या रविवारी जो चर्चमध्ये हजर नसेल त्याची जागा गेली, ती दुसऱ्या घराण्याला. आणि लेलीच्या जागेवर त्याचा चुलतभाऊ ग्रेत्सू टपून होता. ग्रेत्सू उंचीला दोन बोटं कमी पडतो, म्हणून सणाच्या महिन्यात तो जाड टाचांचे बूट घालून फिरतो.

यंदा छोट्या देशांची स्पर्धा माल्टातच भरली. तारखा ठरवल्या संघटनेचे सचिव झार्ब यांनी. कुठल्या गावच्या सणाला धक्का लागू नये म्हणून त्यांनी म्हणे सगळं पंचांग चाळलं. पण झार्ब आमच्या शेजारच्या गावचे, म्हणजे इस्पितळातल्या त्या डॉक्टरांच्याच गावचे. त्यांच्या हिशेबी आमच्या संत रोकांचा सण हा सणच नाही, नुसता फटाक्यांचा आवाज. शेवटचा सामना त्यांनी नेमका आमच्या रविवारी दुपारी ठेवला आणि वर सांगितलं की त्या दिवशी महत्त्वाचं काही नाही.

जॉर्जाच्या घरात रडारड झाली. लेलीने संघ सोडतो म्हटलं. इंद्रीने हिशेब सांगितला की तो सोडून गेला तर मैदानावर उभे राहण्यापुरतीही माणसं उरत नाहीत. शेवटी प्रकरण फादर आंजलूंकडे गेलं. फादर सगळं ऐकून घेऊन म्हणाले, “लेली, तुम्ही किती वेळात हरता?”

लेलीने प्रामाणिकपणे सांगितलं.

“मग काळजी कसली? नेहमीसारखे हरा. संध्याकाळची बोट मिळेल, मिरवणुकीआधी पोचशील.”

इतका साधा मार्ग कुणाला सुचला नव्हता. गाव निश्चिंत झालं. रविवारी दुपारी पुरुष बँडच्या क्लबात टीव्हीसमोर बसले. आम्ही बायका मूर्तीपुढची फुलं लावून झाल्यावर चर्चच्या मागच्या खोलीत जपमाळ घेऊन बसलो. आमचा राष्ट्रीय संघ लवकर आणि फारशी इजा न होता हरावा, हे मागणं होतं.

पण झार्बांनी आणखी एक गोष्ट केली होती. समोरचा संघ उत्तरेकडच्या थंड बेटांवरचा, गोरीपान सभ्य पोरं. पाहुणे म्हणून झार्बांनी त्यांना सामन्याआधी स्वतःच्या आईकडे जेवायला नेलं. आधी भट्टीतला मॅकरोनी, मग रस्सा घातलेली स्पॅगेटी, मग तोच रस्सा सशाच्या मांसासकट, मग खजुराच्या तळलेल्या वड्या. झार्बांच्या आईला नको म्हणायचं नसतं हे आमच्याकडच्या पोरांना ठाऊक आहे; पण नको कसं म्हणायचं हेही ठाऊक आहे. त्या बिचाऱ्यांनी ताटं पुसून खाल्ली. बाहेर ऑगस्टचं ऊन. आणि आमच्या बाजूला लेली सकाळपासून उपाशी, कारण मूर्ती उचलणारा माणूस मिरवणूक होईपर्यंत पाण्याशिवाय काही घेत नाही.

पहिला सेट आपण जिंकला. क्लबात एकाने टीव्ही बिघडला असेल म्हणून त्यावर थाप मारली. दुसराही सेट जिंकला. पाहुणी पोरं उडी मारायच्या ऐवजी पोट धरून जमिनीवरूनच चेंडूकडे बघत होती. आता हरायचं तर पाच सेट लागणार; क्लबात शोककळा पसरली. ग्रेत्सू उठून घरी गेला. टाचांचे बूट घालायला गेला हे सगळ्यांना कळलं.

आता काय, असा पेच पडला. मागच्या दारातून फादर आमच्या खोलीत आले आणि म्हणाले, “बायांनो, मागणं बदला. आता त्यांनी एक सेट घेतला तर चौथा होईल, आणि बोट जाईल. तिसराही आपल्यालाच मिळाला पाहिजे.”

माळेच्या मध्यावर आम्ही मागणं बदललं. संतांना केवढा त्रास, पण त्यांनी कुरकुर केली नाही. माल्टाच्या संघाने जिंकावं अशी प्रार्थना आमच्या चर्चमध्ये त्या दिवशी पहिल्यांदाच झाली.

तिसऱ्या सेटमध्ये लेली खेळला त्याला खेळणं म्हणता येणार नाही. समोरून येणारा प्रत्येक चेंडू म्हणजे ग्रेत्सूच आहे असं समजून तो हाणत होता. ते दोन भाऊसुद्धा एकमेकांना ‘घे, तुझा’ असं म्हणाले, बापाच्या मरणानंतर पहिल्यांदा. शेवटचा चेंडू लेलीने जाळ्यावर अडवून तिकडेच पाडला. सगळे एकमेकांच्या अंगावर पडून रडायला लागले, वर्तमानपत्रवाल्याने फोटो काढला, आणि त्या फोटोत लेली नाही. तो तोपर्यंत धक्क्याच्या रस्त्याला लागला होता.

धक्क्यावर बोट उभी होती. गाड्या चढवायचा उतार अडकलाय असं त्याचे सोबती पर्यटकांना सांगत होते. लेली दिसल्याबरोबर उतार सुटला.

चर्चमध्ये ग्रेत्सू पांढरा झगा घालून, खांद्यावर उशी बांधून कुत्र्याच्या बाजूला उभा. लेली धापा टाकत आला आणि जर्सीवरूनच झगा चढवायला लागला.

“तुझा सामना होता ना रे?” ग्रेत्सू म्हणाला.

“संपला.”

“इतक्यात हरलात? बरं झालं.”

“जिंकलो.”

ग्रेत्सूने त्याच्याकडे काळजीने पाहिलं. “ऊन लागलंय तुला. तू बस, मी धरतो.”

लेली फादरकडे वळला. “फादर, आम्ही जिंकलो.”

“नंतर सांग,” फादर म्हणाले. “आधी खांदा दे.”

मूर्ती निघाली. बेकरीच्या वळणापर्यंत ठीक होतं. वळणावर लेलीचा खांदा खाली जायला लागला. दिवसभराच्या उड्या आणि पोटात काही नाही. संत रोक हळूच कुत्र्याच्या बाजूला कलले. बँड थांबला. लेलीने डोळे मिटून, तोंड वासून, मानेच्या शिरा फुगवून खांदा वर रेटला आणि मूर्ती सरळ केली. नेमका तेव्हाच चर्चच्या फोटोवाल्याने फोटो घेतला. झग्याच्या गळ्यातून जर्सीची लाल पट्टी डोकावतेय.

ग्रेत्सूने समितीकडे हरकत घेतली की ज्याच्या हातून संत कलतात त्याची जागा राहू नये. समितीची बैठक झाली. जॉर्जा आम्हा सगळ्यांना घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, “संत कलले नाहीत. पोर उपाशी दमून आलं होतं, म्हणून त्यांनी त्याच्या बाजूला मान झुकवली.” मीही तेच पाहिलं. समितीतले सगळे पुरुष घरी जेवतात. जागा लेलीकडेच राहिली.

सामन्याचं त्याला गावात आजवर कुणी विचारलेलं नाही. सोमवारी तो परत बोटीवर हात वर करून उभा होता.

झार्बांनी मात्र कार्यालयात लावायला विजयवीराचा फोटो मागितला. दुसरा नव्हताच, म्हणून चर्चच्या फोटोवाल्याने मिरवणुकीतला हाच पाठवला. आता आमचे संत त्यांच्या भिंतीवर कसे लागणार? त्यांनी संत रोक कापले, कुत्रा कापला, दांडाही कापला. राहिला एकटा लेली, डोळे मिटून, तोंड वासून, रिकाम्या हवेखाली खांदा लावून. खाली लिहिलंय, ‘देशासाठी आनंदाश्रू’. जॉर्जा बघून आली. म्हणाली, फोटो छान आहे, पाव स्पष्ट दिसतो.