ग्रुपची शिस्त आणि रोटाचे गहू

मी हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो. त्यामुळे अभिव्यक्तिस्वातंत्र्य हा विषय माझ्या मालकीचा आहे, असा माझा समज आहे. जळगावात सकाळचा चहा झाला की मी फेसबुक उघडतो आणि भांडायला बसतो. नशिराबादचे एक गृहस्थ आहेत. उभ्या जन्मात आमची भेट नाही, पण वाद वर्षभर चाललाय. ते म्हणतात, बोलण्याला मर्यादा हवी. मी म्हणतो, ती ठरवणार कोण, तुम्ही? असं रंगात आलं की बायको पिशवी मांडीवर टाकते. म्हणते, आधी वांगी आणा, मग स्वातंत्र्य आणा.

आमच्या भाऊबंदकीचा व्हॉट्सॲप ग्रुप मीच काढलेला. ॲडमिनही मीच, दुसरा कोणाला केला नाही. लोकांना शिस्त नसते हो.

तर झालं असं, की वडिलांच्या स्मृतिदिनाला मी ग्रुपवर लांबलचक मजकूर टाकला. वडील कसे उदार, आमच्या घरात लहानथोर प्रत्येकाला बोलायची मुभा कशी होती, माझ्यातला लोकशाहीवादी त्या घरातच कसा घडला वगैरे. लिहिताना माझे मलाच डोळे भरून आले. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. तेवढ्यात धुळ्याच्या चुलतभावाने, जो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आणि लहानपणी आमच्याच घरी शिकायला होता, त्याने लिहिलं, "कोणती मुभा? काका जेवायला बसले की काकू दाराआड उभी राहायची. भाजी खारट झाली, हेसुद्धा काकांनीच सांगायचं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला ग्रुपमधून काढून टाकलं आणि खाली लिहिलं, 'ग्रुपची शिस्त पाळावी.' त्याच सकाळी फेसबुकवर मी लिहिलं होतं, की अप्रिय बोलणाऱ्या माणसाला समाजाने जपलं पाहिजे. त्याला भरपूर लाइक पडले होते. बायकोने दोन्ही वाचलं आणि 'लोकां सांगे ब्रह्मज्ञान' एवढंच म्हणून कणिक मळायला गेली. पुढचा अर्धा भाग तिने माझ्यावर सोडला.

हे सगळं पचलं असतं. पण श्रावण लागला, आणि आमची कुलदेवी कानबाई धुळ्याला त्याच चुलतभावाच्या घरी बसते. कानबाईच्या रोटाचे, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ असे मोजून घेतात. ज्याची मूठ पडली तो आपला. बायकांची मूठ नसते, मोजायचं काम मात्र त्यांचं. आणि रोट भाऊबंदांशिवाय कोणी खायचा नाही. आता नावं कोण पुकारणार? ज्याचं घर तो. म्हणजे मी ज्याला काढलं तो! त्याने माझं नाव गाळलं तर मी पाहुणा ठरणार. मला ओट्यावर बसवून हॉटेलातली शेवभाजी आणून देतील, आणि भाऊबंद आत रोट खातील. या वयात हे सोसवलं नसतं. खरं सांगतो, मी घाबरलो होतो.

आई नेहमीप्रमाणे आठ दिवस आधीच धुळ्याला गेलेली. ती सगळ्यांत मोठी, त्यामुळे गहू तिच्या हातचे. शनिवारी मी बसने निघालो. पारोळा येईपर्यंत एक भाषण तयार केलं. त्यात घटना होती, कुटुंबसंस्था होती आणि शेवटी थोडी क्षमाही होती, मी केलेली.

पोचलो तेव्हा मोजणी सुरू झाली होती. आई पाटीसमोर बसलेली आणि चुलतभाऊ वयाप्रमाणे नावं घेत होता. मी चप्पल हातात घेऊन दारातच थांबलो. त्याचं स्वतःचं नाव झालं. मग त्याने माझं घेतलं, अगदी साध्या आवाजात, बाजाराची यादी वाचावी तसं. आईने सव्वा मूठ पाटीत टाकली. पुढचं नाव. भाषणाची कोणाला गरजच पडली नाही.

मला इतकं हायसं वाटलं, की मोजणी संपल्यावर मी मोठेपणा दाखवायला गेलो. म्हणालो, तुला ग्रुपमध्ये परत घेतो, फक्त वडिलांबद्दल खोटंनाटं लिहायचं नाही. त्याच्याऐवजी बोलली आई. वहिनीने, म्हणजे त्याच्या बायकोने, तिला माझा आणि त्याचा असे दोन्ही मजकूर वाचून दाखवले होते.

"त्यानी खोटं काय लिखं?" ती पाटीतले खडे वेचत म्हणाली. "तुना बापनी माले कधी बोलू दिधं?"

मी म्हणालो, मग इतक्या वर्षांत मला का सांगितलं नाहीस?

"तू इचारं का कधी? आनी तुना त्या ग्रुपमा मी शे का?"

नव्हती. दुबईचा पुतण्या होता, लग्न मोडलेला एक जावईसुद्धा राहून गेला होता, आई नव्हती. तुझ्याकडे तसला फोन कुठे आहे, हे माझ्या अगदी ओठांवर आलं. ते मी गिळलं. दिवाळीत तिने फोन मागितला होता, आणि तुला काय करायचाय, असं मीच म्हणालो होतो.