गांडूळ ही शिवी नाही

सौदा करायचा तर समोर माणूस लागतो. तो चहाला हो म्हणतो की नाही, सारखा दाराकडे बघतो का, यावरून पुढचं बोलणं ठरतं. मी दिल्लीत कलेक्टर व्हायला आलो होतो. ते झालं नाही. मग सरकारी कचेऱ्यांच्या लिलावातली जुनी टेबलं-खुर्च्या उचलून विकत इथेच उभा राहिलो, कोणाच्या शिफारशीशिवाय. माझा आवाज लवकर चढतो, हे बाजारात कोणीही सांगेल. पण समोरच्याला मी शेवटी माझ्या बोलीवर आणतो. मुलीच्या प्रकरणात मात्र समोर कोणी नव्हतंच.

मुलगी नोएडातल्या शाळेत दहावीला आहे. तिच्या जिवलग मैत्रिणीच्या वडिलांची शिलाँगला बदली झाली, आणि तेव्हापासून दोघी डोळ्यांवर ते हेडसेट बांधून भेटायच्या. आत म्हणे एक गच्ची आहे. वर्गातली बहुतेक मुलं संध्याकाळी तिथे जमतात. मला तो सगळा पोरखेळ वाटायचा.

"फोनवर बोला की," मी म्हणायचो.

"फोनवर बोलावं लागतं, बाबा. तिथे आम्ही नुसत्या शेजारी बसतो."

एका रविवारी मी बाल्कनीत कढीपत्त्याच्या कुंडीतली माती उकरत होतो. मातीतून एक जाडजूड गांडूळ वर आलं. मी मुलीला हाक मारली. हेडसेट कपाळावर सरकवून ती दारात आली आणि म्हणाली, "ई, केंचुआ."

माझं डोकं फिरलं. आमच्या घरातून मराठी शब्द असेच एकेक करून गेले आहेत. "केंचुआ काय? गांडूळ म्हण."

"तेच ते, यार बाबा."

"तेच ते नाही. म्हण."

मग मला चिडवायला ती चांगली हेल काढून म्हणाली, "गांडूळ, गांडूळ, गांडूळ. झालं समाधान?"

हेडसेटचा माइक चालू होता. शेवटचा ळ काढला की हिंदीत त्याची शिवी होते, आणि तीही रस्त्यावरची. हिंदीला ळ नाही, त्या यंत्राच्या कानालाही नसावा. तिने हेडसेट पुन्हा डोळ्यांवर घेतला तेव्हा आत काळोख होता आणि एक सूचना: वारंवार अर्वाच्य भाषा वापरल्यामुळे प्रवेश बंद.

मी तक्रार लिहिली. शब्दाचा अर्थ, खत, शेती, सगळं मराठी, हिंदी आणि इंग्रजीत. चष्मा काढून ठेवेपर्यंत उत्तर आलं: तपासणी झाली, निर्णय कायम. एवढ्यात कोणी वाचलं? कोणीच नाही.

शाळेत तिला कोणी वाळीत टाकलं नव्हतं. डब्याच्या सुट्टीत मुली तिच्याजवळच बसायच्या. पण बोलणं असायचं आदल्या संध्याकाळचं, गच्चीवर कोण आलं, कोण रुसून गेलं. ही मान हलवायची. शिलाँगची मैत्रीण सुरुवातीला फोन करायची. दोघींना काय बोलावं सुचायचं नाही आणि फोन लवकर ठेवला जायचा. पुढे पुढे तर फोन येणंच कमी झालं.  मुलगी शाळेतून आली की गणवेश न बदलता पलंगावर पडून राहायची.

शेवटी मी हेडसेटवाल्या कंपनीचं गुरुग्राममधलं ऑफिस शोधून काढलं आणि तिला घेऊन गेलो. बरोबर प्लास्टिकच्या डब्यात ओली माती आणि एक गांडूळ. सुरक्षारक्षकाने डबा उघडायला लावला, आत पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. बऱ्याच वेळाने एक तरुण खाली आला.

"सर, यहाँ सिर्फ़ मार्केटिंग है."

"फ़ैसला कौन करता है?"

"सिस्टम करता है, सर."

"तो सिस्टम को नीचे बुलाओ," मी म्हणालो. माझा आवाज त्या काचेच्या दालनात घुमला. मुलीने मान खाली घातली.

पोरगा तसा भला होता. त्याने तिच्या फोनवर एक पान उघडून दाखवलं. मी अर्वाच्य भाषा वापरली, पुन्हा वापरणार नाही, असं मान्य केलं की प्रवेश लगेच खुला. मी म्हटलं, 'गैरसमज झाला' असं लिहा, ती मान्य करेल. त्याने मान हलवली. मजकूर बदलता येत नव्हता.

"मग नाही. माझ्या मुलीने शिवी दिलेली नाही."

परतताना गाडीत ती म्हणाली, "बाबा, मी करते मान्य."

"न केलेलं कबूल करायचं नाही. आज हे, उद्या आणखी काही."

"तुम्हाला त्यांना हरवायचंय. ते कोण आहेत तेही तुम्हाला माहीत नाही. मला तिच्या शेजारी बसायचंय. थोड्या दिवसांनी तिला तिथे दुसरं कोणी मिळेल."

ओरडायला तोंड उघडलं होतं, ते मिटून मी गाडीची काच खाली केली. पुढे सिग्नलला गाडी थांबली आणि तिने फोनवर 'मान्य'चं बटण दाबलं. मी रस्त्याकडे बघत होतो.

त्या संध्याकाळी ती हेडसेट लावून जमिनीवर बसली. कितीतरी वेळ बोलली नाही, जराशी एका बाजूला कलून बसून होती. तिच्या खांद्याला कोणाचा तरी खांदा लागला असावा. माझा राग गेला नव्हता. आजही गेलेला नाही. तिच्या नावापुढे तो गुन्हा कुठेतरी नोंदलेला आहे, आणि तो तिने केलेला नाही.

स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, "पान वाढू का गं?"

मुलीने हात वर नेला, माइकवर तळवा घट्ट दाबला, आणि मग हळू आवाजात म्हणाली, "आलेच, आई."